घात मी केला नाही

मी बुद्धिबळाचं घड्याळ बोलतोय, आणि रागावून बोलतोय. मला तोंडं दोन आहेत, पण दुतोंडी मी नाही.

माझे बाबा घड्याळजी. दोन जुनी गजराची घड्याळं एका लाकडी पेटीत शेजारी शेजारी बसवून त्यांनी मला घडवलं, मुलाला आणि मुलीला सराव करता यावा म्हणून. माझं काम सरळ आहे. चाल केली की आपल्या बाजूची कळ दाबायची. आपले काटे थांबतात, समोरच्याचे सुरू होतात. ज्याचा वेळ आधी संपेल तो हरला. घरी एखादं कळ दाबायला विसरलं, की दुसरं लगेच आठवण करून द्यायचं.

परवा संघातल्या एकाच जागेसाठी ही भावंडं समोरासमोर आली. दादा अनुभवी, पण धाकटीनं त्याला पार जेरीस आणलं. तिनं वजीर असा नेऊन ठेवला की पुढच्या चालीला मात ठरलेली. त्या आनंदात तिची कळ दाबायची राहिली.

दादानं आधी पटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि कपाळाला हात लावून खोल विचाराचं सोंग घेऊन बसला. विचार कसला करतोय कपाळाचा! नियमाप्रमाणे पंचांनाही बोलता येईना. हरणाऱ्या भावाचा चेहरा बघवेना म्हणून पोर मान खाली घालून बसली, आणि मला तिचाच वेळ खावा लागला. हात असते तर कळ मीच दाबली असती.

"तुझा वेळ संपला," दादा म्हणाला. तिनं मान वर करून ती कळ पाहिली, मग त्याला पाहिलं.

घरी येऊन म्हणतो कसा, घड्याळानं हिचा घात केला! बाबांनी मला उघडून, भिंग लावून चाकन्‌चाक तपासलं. जन्मदात्यानंच माझी झडती घ्यावी?

"घड्याळ चोख आहे," ते म्हणाले. "मग झालं काय?"

दादा जमिनीकडे बघत राहिला. धाकटीनं चहाडी केली नाही.

काल त्यानं संघाच्या सामन्याच्या तयारीसाठी पट मांडला, शेजारी मला ठेवलं आणि तिला हाक मारली.

"खेळते दादा. पण घड्याळ नको."

"का गं?"

"ते असलं की तू गप्प बसतोस."

तिनं मला उचलून कपाटात ठेवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. बाहेर सोंगट्या सरकल्याचे आवाज येतात, माणसांचा एकही नाही. अरे, एकदा तिला 'चुकलं माझं' म्हण. मला किल्ली नंतर दिलीस तरी चालेल.