जपून ठेवलेला झोपाळा

मित्रांनो, मी एक जुना सागवानी झोपाळा आहे. जुना म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, याच्यावर मुलं खेळली असतील, बायकांनी भाज्या निवडल्या असतील, दुपारच्या वेळी कुणाचा तरी डोळा लागला असेल. तसं काहीएक झालेलं नाही. माझं बहुतेक आयुष्य अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, प्लेनो नावाच्या गावी, एका गराजच्या कोपऱ्यात खोक्यात आडवं पडून गेलं. वापरून वापरून झिजलो असतो तर मी कुरकुर केली नसती. मी न झिजताच म्हातारा झालो, याचं मला वाईट वाटतं.

माझा जन्म सांगलीचा. सुवर्णा नावाच्या एका तरुण शिक्षिकेने आपल्या पगारातून मला मुद्दाम घडवून घेतलं. तिच्या आईवडिलांच्या भाड्याच्या दोन खोल्यांत झोपाळ्याला जागा नव्हती. म्हणून तिने लहानपणीच ठरवून टाकलं होतं, की आपला संसार होईल तेव्हा आधी झोपाळा, मग बाकीचं. सुताराने जाड सागाची फळी निवडली, कडा घोटून गुळगुळीत केल्या. पितळी कड्यांमध्ये जागोजागी छोटे मोर बसवले. मी थोडा गर्विष्ठ आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पण ते मोर पाहिले असतेत तर तुम्हीही मला माफ केलं असतंत.

सुवर्णाचं लग्न नागपूरच्या रवींद्रशी झालं आणि लवकरच त्याला टेक्सासमधली नोकरी मिळाली. सामान जहाजाने जाणार होतं. सुवर्णाने यादीत पहिलं नाव माझं घातलं. नातेवाईक हसले. म्हणाले, "लोक अमेरिकेला लोणचं नेतात, ही झोपाळा नेते!" सुवर्णा म्हणाली, "संध्याकाळी दोघांनी चहा घेऊन बसायचं आणि काही करायचं नाही. एवढंच मला तिथे हवंय." समुद्रावर खारा वारा खात मी ते वाक्य मनात घोळवत होतो. मला वाटलं, आपलं नशीब उघडलं.

प्लेनोला पोहोचल्यावर मात्र घोडं पेंड खाऊ लागलं. त्यांचं पहिलं घर भाड्याचं होतं आणि तिथल्या छतात भोकं पाडायला परवानगी नव्हती. हे रास्तच होतं. रवींद्र म्हणाला, "आपलं स्वतःचं घर झालं ना, की पहिलं काम हेच." मग स्वतःचं घर झालं. मागे छानपैकी छप्पर असलेला पॅटिओ, म्हणजे फरसबंद ओटा होता. तेव्हा तो म्हणाला की ग्रीन कार्ड होऊ दे, उद्या घर विकावं लागलं तर काढायचं कुणी? ग्रीन कार्ड झालं. मग प्रीताचा जन्म झाला आणि लहान मूल झोपाळ्याखाली आपटेल अशी भीती निघाली. प्रीता मोठी झाली, तर पॅटिओचं छप्परच बदलायचं ठरलं. ते ठरलेलं मी पुष्कळ वर्षं ऐकत राहिलो.

रवींद्रला माझी किंमत नव्हती असं समजू नका. उलट तो मला फार जपायचा, आणि इथेच सगळी गोम आहे. दसऱ्याला वाहनांची आणि हत्यारांची पूजा करायची आपली रीत. त्या दिवशी दोन्ही गाड्या धुऊन ड्राइव्हवेमध्ये उभ्या राहत, त्यांना झेंडूचे हार पडत, लॅपटॉपलासुद्धा कुंकू लागे. शेवटी रवींद्र गराजमध्ये येऊन माझं खोकं उघडायचा. कड्यांना तेल लावायचा, मोर चिंचेने घासून लखलखीत करायचा, फळीला हळदकुंकू वाहून वर एक फूल ठेवायचा. माझ्या मनात दरवर्षी आशा जागी व्हायची. आरती झाली की तो मला नव्या कोऱ्या बबल रॅपमध्ये गुंडाळून पुन्हा खोक्यात घालायचा. असा मी वर्षातून एकदा देव व्हायचो आणि बाकीचं वर्षभर अडगळ. माझ्यावर कोणी बसलंच असेल तर ते टिश्यू पेपरचे गठ्ठे आणि गणपतीच्या मखराचे तुकडे.

टेक्सासचा उन्हाळा गराजमध्ये काढून बघा एकदा. साग म्हणून टिकलो. दुसरं कुठलं लाकूड असतं तर त्याने केव्हाच अंग टाकलं असतं.

प्रीता हायस्कूलमध्ये गेली तेव्हा तिने लॅटिन भाषा घेतली. रवींद्रच्या ते काही पचनी पडलं नाही. "लॅटिन? अगं, त्यापेक्षा संस्कृत तरी घ्यायचंस."

"बाबा, संस्कृत शाळेत ऑफरच करत नाहीत!"

पाठांतराला ती गराजमध्ये यायची, कारण तिथे आवाज घुमतो. माझ्याच खोक्यावर मांडी घालून बसायची. खोक्यावर का होईना, माणसाचं वजन अंगावर आलं म्हणून मी खूश असायचो. शाळेच्या शेवटच्या वर्षी एका शनिवारी ती कुठल्याशा जुन्या रोमन कवीची कविता मोठमोठ्याने घोकत होती. वॉशिंग मशीनमधले कपडे काढता काढता सुवर्णाने विचारलं, "काय सांगतो गं तो एवढा ओरडून?"

"तो नाही ओरडत, आई. ही इज अ व्हेरी चिल गाय. टू थाउजंड इयर्सपूर्वीचा आहे."

मग प्रीताने आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत आईला अर्थ सांगितला. मला लॅटिन येत नाही, पण तो अर्थ मी माझ्या फळीत मुरवून ठेवला आहे. त्या कवीच्या शहरातही माणसं सारखी धावायची. याला हुद्दा हवा, त्याला संगमरवरी घर हवं. कवी आपल्या मित्राला म्हणतो, उद्याचं काय ते देव बघून घेतील, तू कशाला त्यांचं काम करतोस? पोटापुरतं आहे, झाडाची सावली आहे, सोबतीला माणूस आहे. चांगलं जगायला याहून जास्त लागत नाही, आणि यातलं काहीही साठवून ठेवता येत नाही. तेव्हा वाट बघू नकोस, आत्ता ये आणि बस.

सुवर्णा हातातला ओला टॉवेल तसाच धरून उभी राहिली. तेवढ्यात रवींद्र शिडी ठेवायला आत आला.

"बाबा, हा पोएट लिटरली तुझ्याबद्दल बोलतोय," प्रीता म्हणाली आणि तिने सगळं पुन्हा सांगितलं.

"त्याला काय जातंय बोलायला?" रवींद्र म्हणाला. "त्याला मॉर्गेज नव्हतं."

तिघंही खूप हसले. खोक्यात मीही हसलो. हसू ओसरल्यावर सुवर्णा म्हणाली, "आपण बसलो काय आणि उभे राहिलो काय, मॉर्गेज तेवढंच राहणार. रवी, या वीकेंडला लाव ना रे झोपाळा. खरंच."

"अगं लावू ना. पण घाईत लावला आणि बीम क्रॅक झाला तर? पॅटिओ रिडू करतोच आहोत, तेव्हा एकदाच व्यवस्थित करू. स्प्रिंगमध्ये नक्की."

सुवर्णा "बरं" म्हणाली. मला तिचा राग आला. सांगलीत सगळ्या नातेवाइकांना पुरून उरलेली ही बाई, इथे एका "बरं"वर गप्प कशी बसली? पण तीही दमली होती, मित्रांनो. नोकरी, घर, प्रीताचे क्लास, रविवारची मराठी शाळा. जे मागायचं ते मागून मागून माणूस थकतो आणि मग त्याला समजूतदारपणा म्हणतात.

स्प्रिंग आला आणि त्याच्याबरोबर सुवर्णाचं पोटाचं दुखणं आलं. आधी अ‍ॅसिडिटी म्हणून घरचे उपाय झाले. मग तपासण्या झाल्या, आणि कॅन्सर निघाला. तोही पसरलेला. ही बातमी मला रवींद्रकडून कळली. तो गराजमध्ये आला, गाडी सुरू न करताच तिच्यात बसून राहिला आणि ढसाढसा रडला. घरात रडायची त्याला सोय नव्हती.

दुसऱ्याच दिवशी त्याने ऑफिसला सुट्टी टाकली आणि आपल्या मित्राला, शंतनूला, बोलावून घेतलं. सुवर्णा तेव्हा हॉस्पिटलमध्ये होती. दोघांनी मिळून पॅटिओच्या छपरातली तुळई शोधली. ती चांगली भरभक्कम निघाली. कुठलंही छप्पर बदलायची गरज नव्हती. भोकं पाडली, जाड हुक बसवले, कड्या अडकवल्या आणि जेवणाच्या आत मी टांगला गेलो. एवढी वर्षं अडून राहिलेलं काम एका सकाळीत झालं.

शंतनू वर बघत म्हणाला, "अरे यार, एवढंच काम होतं? मला आधी बोलवायचंस ना."

 रवींद्रने कडी घट्ट धरली आणि कपाळ तिच्यावर टेकवलं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, आणि ते घोडं मी होतो. अंगावर वारा येत होता, समोर हिरवळ होती, कुंपणावर खार पळत होती. ज्या क्षणाची मी आयुष्यभर वाट पाहिली तो आला होता, आणि मला पुन्हा खोक्यात जावंसं वाटत होतं. कारण मी खोक्यात होतो तेव्हा सुवर्णा बरी होती.

ती घरी आली. तिला सरप्राइज द्यायचं म्हणून रवींद्रने माझ्यावर नवी गादी घातली होती, दोन कप चहा केला होता. मला बघताच तिच्या वाळलेल्या चेहऱ्यावर असं हसू आलं, की माझ्या सगळ्या तक्रारी मी त्या वेळेपुरत्या विसरलो. रवींद्रने तिला हाताला धरून आणलं, अलगद बसवलं, स्वतः शेजारी बसला आणि पायाने जमिनीला जरासा रेटा दिला.

"नको, नको, रवी! थांबव!" तिने डोळे गच्च मिटले. औषधांनी तिला सारखं मळमळायचं, चक्कर यायची. एवढासा झोकाही तिला सोसला नाही. "हलू देऊ नकोस रे. मला बसायचंय. फक्त हलू देऊ नकोस."

मग रवींद्र उठला. माझ्यासमोर उभा राहिला, दोन्ही हातांनी दोन्हीकडच्या कड्या धरल्या आणि मला स्थिर केलं. झोपाळा हलवणारे पुष्कळ असतात. झोपाळा हलू नये म्हणून सगळी ताकद लावून उभा राहिलेला माणूस मी तेव्हा पाहिला. त्याचा चहा गार झाला. मीही श्वास रोखल्यासारखा राहिलो. माझ्या धर्माविरुद्ध होतं ते, पण तिच्यासाठी मी ते केलं.

शेजारी प्रीता येऊन जमिनीवर बसली. सुवर्णाने डोळे न उघडताच विचारलं, "प्रीता, तो तुझा रोमन म्हातारा काय म्हणाला होता गं?"

प्रीताने रडू आवरत पुन्हा सांगितलं. सोबतीला माणूस आहे, वाट बघू नकोस, आत्ता ये आणि बस.

"बरोबर आहे त्याचं," सुवर्णा म्हणाली. "पण बसायला अंगात ताकद लागते, हे त्याने लिहिलं नाही वाटतं."

"लिहिलंय, आई," प्रीता म्हणाली. "दॅट्स व्हाय ही सेज नाउ."

रवींद्रचे हात थरथरले. ती थरथर कड्यांतून माझ्या फळीत उतरली आणि सुवर्णाला ती कळली. "अरे, मी तुला बोल नाही लावत," ती म्हणाली. "बस झालं आता, चहा पी." त्यानंतर ती माझ्यावर बसली नाही. उन्हाळा सरायच्या आत ती गेली.

मला वाटलं होतं, हा माणूस आता तरी शहाणा होईल. त्याने काय केलं सांगू? तेरावा झाला, माणसं आपापल्या घरी गेली आणि त्याने मला प्लॅस्टिकच्या आवरणात गुंडाळून वरून दोरी बांधली. सुवर्णा टेकून बसली होती ती गादी तशीच राहावी, कुणी बसून तिची खूण पुसू नये म्हणून. मी पुन्हा देव झालो. आतून मी ओरडत होतो, पण झोपाळ्याचं ओरडणं म्हणजे कड्यांची किरकिर, आणि बांधलेल्या कड्या तेवढीही करत नाहीत.

पुढे थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत प्रीता कॉलेजमधून घरी आली. तिने मागचं दार उघडलं, मला पाहिलं आणि जागीच थबकली.

"बाबा, हे काय आहे?"

"राहू दे गं. पावसाने खराब होईल."

"इट्स अंडर अ रूफ, बाबा!"

"प्रीता, तिथे आई बसली होती."

"आय नो. मी इथेच होते." तिने प्लॅस्टिकवर हात ठेवला. "तिला फक्त तुझ्याबरोबर बसायचं होतं, बाबा. यू सेव्ह्ड द स्विंग. यू डिडन्ट सेव्ह द इव्हनिंग."

ती घाबरून तोंडावर हात धरून उभी राहिली. रवींद्र रागावला नाही. तो आत गेला, कात्री घेऊन आला आणि त्याने दोरी कापली. प्लॅस्टिक खाली पडलं.  मग आपल्या बाजूला, अगदी कडेला, बसला. सुवर्णाची जागा त्याने मोकळी ठेवली.

आता तो रोज संध्याकाळी बसतो. चहा एकच कप असतो. सुट्टीत घरी असली की प्रीता म्हणते, बाबा, मध्ये बस, नीट हलेल. तो मान हलवतो आणि कडेलाच बसतो. तो पायाने रेटा देतो तेव्हा मी एका अंगाला कलतो आणि तिरका जातो. मी माझ्याकडून खूप प्रयत्न करतो, पण ते मला जमत नाही.

मित्रांनो, आम्हा वस्तूंची काळजी घ्या असं सगळे सांगतात. मी म्हणतो, आम्हाला थोडं कमी जपा. आमच्यावर चहा सांडू द्या, ओरखडे उठू द्या, आम्हाला झिजू द्या. आणि घरात तुमचं माणूस असेल, त्याला बसवत असेल, तर हातातलं काम ठेवून आजच त्याच्या शेजारी बसा. सरळ हलायला मला दोन माणसं लागतात.