कारागीर अज्ञात

बुरुलला चित्र काढता येत नव्हतं. हे मी आकसानं सांगत नाही. बिश्केकच्या कलाशाळेत चार वर्षं ती माझ्या शेजारी बसायची, आणि तिनं काढलेल्या प्लास्टरच्या मुंडक्याची मान दर वेळी मोडल्यासारखी दिसायची. तोकतोसुन मास्तर तिच्यामागे थांबून उसासा टाकत. माझ्यामागे आले की काहीच बोलत नसत. त्या न बोलण्यावर मी चार वर्षं जगले.

आज ती त्याच शाळेत विभागप्रमुख आहे, आणि मी बाजारामागच्या कारखान्यात कबरींच्या काळ्या दगडांवर मेलेल्यांचे चेहरे कोरते. समोर फोटो ठेवायचा, हिऱ्याच्या टोकाची सुई घ्यायची आणि ठिपक्याला ठिपका लावत जायचं. सत्तावीस वर्षं झाली.

जूनमध्ये तिचा फोन आला. "कानिशाय, मुलांचं प्रदर्शन आहे. ये ना. तुझ्यासारखी नजर आमच्यात कुणाला आहे?"

तेवढ्यानं मी फुगले. ठेवणीतला रुमाल डोक्याला बांधला आणि गेले, चुका काढायलाच गेले म्हणा ना. पहिल्या दालनात त्या भरपूर मिळाल्या. एका चित्रातल्या हाताला कोपरच नव्हतं. पण बुरुल त्या मुलाला विचारत होती, "हे काढताना तुझ्या मनात काय होतं?" आणि तो पोरगा हातवारे करत सांगत सुटला होता. मला हे कधी कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, तेही सुचेना.

दुसऱ्या दालनात छतापासून सात पातळ कागद लोंबत होते. दगडावर कागद धरून वरून काळं मेण घासलं की कोरलेलं तेवढं पांढरं राहतं, तसे सात चेहरे. मी जवळ जाऊन पाहिलं. पापणीखालची ती ठिपक्यांची दुहेरी ओळ दुसरं कुणी मारत नाही.

खाली पाटी होती: 'बेगाइम असानोवा. नारीनकडच्या एका गावातल्या कबरस्तानातून. कारागीर अज्ञात.'

"अज्ञात?" मी ओरडलेच. "हे माझे आहेत!"

लोक वळले. बुरुल धावत आली. "कानिशाय, हळू. पाहुणे आहेत."

"पाहुण्यांनाही कळू दे की! सुई मी चालवायची आणि नाव हिचं?"

एक किडकिडीत मुलगी पुढं आली. चोरी पकडल्यासारखी दिसली असती तर मला बरं वाटलं असतं. तिचा चेहरा उजळला होता. "एजे," मोठ्या बहिणीला हाक मारतात तशी ती म्हणाली, "तुम्हीच का त्या? अहो, दोन वर्षं शोधतेय मी तुम्हाला. घरच्यांची परवानगी घेतली, पण दगड कुणी कोरला ते कुणालाच आठवेना. नाव का नाही घालत तुम्ही?"

"नाव मेलेल्याचं असतं," मी म्हणाले.

तिनं लगेच पेन काढून माझ्या हातात दिलं. मी 'अज्ञात' खोडून माझं नाव लिहिलं, तिच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात. मग विचारलं, "हेच सात का घेतलेस? त्या गावात माझे तीसेक दगड असतील."

ती अडखळली. "बाकीचे... राग मानू नका, एजे. बाकीचे फोटोसारखे आहेत."

आता मी नीट पाहिलं. सातही माझ्या कारखान्यातल्या पहिल्या वर्षातले होते. एका म्हाताऱ्याचा डावा डोळा खाली उतरला होता. तेव्हा मला सातवा महिना होता, दिलेला फोटो पुसट होता, आणि दगड गेल्यावर मी आठवडाभर लाजेनं जेवले नव्हते.

"तो डोळा चुकलाय," मी म्हणाले.

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर तो बघतो आपल्याकडे."

मी घरी आले. माझं चांगलं काम तिला नको होतं, आणि मी जे लपवत आले त्यावर ती उभी होती. सोमवारी कारखान्यात एक टाकाऊ तुकडा घेतला आणि फोटोशिवाय आईचा चेहरा कोरायला बसले. आई तिरकं हसायची. हात ऐकेना. ओठ सरळ आले, डोळे एका रेषेत आले. तीनदा केलं, तिन्ही वेळा पासपोर्टवरची कुणी परकी बाई उमटली. मास्तरांच्या त्या न बोलण्यासाठी मी इतकी वर्षं माझ्या हातातून चूक काढून टाकत आले होते. चुकीबरोबर आणखी काय काय गेलं, ते तोवर मी मोजलंच नव्हतं.

ऑगस्टमध्ये बेगाइम मला त्या गावी घेऊन गेली. माझे दगड उभे असलेले मी पहिल्यांदाच पाहिले, कारण दफनाला आमच्यात बायका जात नाहीत, आणि नंतर जावंसं मला कधी वाटलं नव्हतं. तिला वाटलं होतं. ती म्हाताऱ्याच्या दगडापुढे मांडी घालून बसली आणि एकदम म्हणाली, "एजे, अल्माटीच्या प्रदर्शनाला बोलावलंय मला. हे सातही कागद नेतेय. तुमचं नाव असेल, नक्की."

"छान झालं," मी म्हणाले. खरंच छान झालं होतं.

परतीच्या गाडीत तिनं जर्दाळू पुढं केले. भूक लागली होती, तरी मी नको म्हणाले आणि बिश्केक येईपर्यंत खिडकीकडे तोंड फिरवून बसले.