केसांच्या माळेतली मधली जागा

मी माळ बोलतेय, माणसांच्या केसांची. ओहायोतल्या हेस्टर नावाच्या बाईनं तापात गेलेल्या लेकीच्या केसांपासून मला सुरू केलं. विणायच्या सुईवर बारीक तार आणि केस गुंडाळून ती फुलं करायची. घोड्याच्या नालासारखा माझा आकार. घरातलं जे माणूस नुकतंच गेलं, त्याचं फूल वर्षभर माझ्या मधोमध. वर्ष सरलं की ते कडेला, बाकीच्यांच्या रांगेत. अशी अकरा माणसं माझ्या अंगावर आहेत. पुढं फुलं करणारं कुणी उरलं नाही. मला काचेच्या पेटीत घालून माळ्यावर टाकलं. साठ वर्षं मधली जागा रिकामी.

हेस्टरची पणती कोरीन कॉलेजात कला शिकवते. जुन्या हातकामाच्या वस्तू बायकांच्या हातात द्यायच्या, त्यांच्या आठवणी टेप करायच्या आणि त्यावर लिहायचं, हेच तिचं काम. तिनं मला खाली आणलं, मऊ ब्रशनं धूळ काढली. मग तारेची फुलं करायलाही शिकली; प्रदर्शनात मला मांडताना आईच्या केसांचं एक फूल जोडायचं तिच्या मनात होतं. फुलं करणारे हात आले की माझी मधली जागा माणूस मागते.

आज सकाळी तिची आई आर्डिथ आली. कोट अंगावर नुसता लोंबत होता. कोरीन टेपच्या वायरी जोडण्यात गर्क.

"आई, माळेबद्दल काय आठवतं ते सांग. जरा मोठ्यानं हं."

"राहू दे ते. कात्री आण आणि माझी वेणी काप."

"आत्ताच? प्रदर्शनाला अजून दोन महिने आहेत गं."

"पुढच्या आठवड्यात मिळायची नाही."

"का, या वयात टक्कल करतेस की काय?" कोरीन हसली.

"मी नाही, डॉक्टर करणार आहेत. औषध सुरू होतंय. जगातल्या बायकांना विचारत हिंडतेस बाई, माझा नंबर आज लागला."

कोरीननं टेप बंद केला. वायरी गुंडाळत बसली. मग आईनंच कात्री तिच्या हातात कोंबली.

"कडेला लावते हं आई," वेणी कापून झाल्यावर ती म्हणाली.

"कडेला कशी? रीत तूच लिहिलीस ना? मधे लाव."

दोघी आता दवाखान्यात गेल्यात. वेणी माझ्याशेजारी टेबलावर पडलीय. आजवर माझ्याकडे केस आले ते गार पडलेल्या डोक्यांचे. हिला अजून साबणाचा वास येतोय.

खरं सांगते पोरी, मला ती हवीय. माझ्या तारा तिच्याकडे वळायला लागल्यात. म्हणून विनवते, परत आलीस की मला काच लाव आणि तोंड भिंतीकडे करून टांग. वेणी तुझ्या उशाशी ठेव. आई म्हणाली तरी मला देऊ नकोस. मी मागितली तरी देऊ नकोस.