कवठाळ्यांचं मूळ

हेळव्याने सुदामच्या नावाखाली वंश संपल्याची रेघ ओढायला पेन टेकवलं, तशी सुभद्राबाई दारातून पुढे आली.

"थांबा. माझी ऋतुजा हाय की."

ओसरीवरचे सगळे भाऊबंद वळून बघायला लागले. चार-पाच वर्षांनी एकदा हा हेळवी निलंग्याकडून यायचा, घराण्याची वंशावळ वाचायचा, नवी नावं चढवायचा आणि धान्य-कापड घेऊन पुढच्या गावाला लागायचा. बायका तेव्हा चुलीपाशी. पण सुभद्राबाईचा नवरा सुदाम जाऊन वर्ष झालं होतं, त्याच्या बाजूने बोलायला दुसरं होतं कोण?

"वैनी, लेकीचं नाव चढत न्हाई," दीर रामलिंग म्हणाला. "ती उद्या दुसऱ्याच्या घरची."

"बापाखाली कुणीच न्हाई, असं दिसल ना भाऊजी."

"रीत हाय ती. ओ हेळवी, पार मुळापासून वाचा. कळू द्या वैनीला, केवढं घराणं हाय आपलं."

रामलिंगला मिरवायची हौस दांडगी. आजवर सगळे आजा-पणजापाशीच थांबायचे, त्याच्या मागचं कुणी वाचायला लावलंच नव्हतं. हेळव्याने जीर्ण पानं उलटली. कवठाळच्या मूळपुरुषाला मुलगा नव्हता. एकुलती लेक. तिच्यासाठी घरजावई आणला, त्याने आपलं आडनाव टाकून कवठाळे लावलं. त्यांना पाच मुलगे. तिथून कवठाळे शिरूर अनंतपाळला गेले, अहमदपूरला गेले, पार नांदेडपर्यंत पसरले.

मघापासून मिशीला पीळ देणाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. आईमागे उभ्या ऋतुजाला हसू आवरेना.

"म्हंजी आपुन समदे लेकीचेच," सुभद्राबाई म्हणाली. वर्षभरात पहिल्यांदा तिला बरं वाटलं. "नाव काय हो तिचं?"

हेळव्याने ओळीवरून बोट फिरवलं.

"नाव न्हाई, अक्का. 'लेक एक', एवढंच हाय."

रामलिंगचा जीव भांड्यात पडला.

"मग तंटाच मिटला! सुदामदादाखाली बी तसंच लिहा. लेक एक. वैनीचा मान राहिला, रीत बी राहिली."

"मोठ्या मनाचा हाय रामलिंग," कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. हेळवी लिहायला वाकला.

सुभद्राबाईने मागे पाहिलं. ऋतुजा आता हसत नव्हती.

"नको," सुभद्राबाई म्हणाली. "नाव लिवायचं नसल, तर निर्वंश झाला म्हणून लिहा."