टाकीचं टोपण

मुबारकने पेट्रोलची नळी सोडवून जोरात फुंकली. नळी मोकळी होती. सकाळपासून ती मोकळीच निघत होती.

टेंभुर्णीहून निघालेली मोटार दर कोसा-दोन कोसांवर मान टाकत होती. मुबारक नळी फुंकी, टाकीत काठी घालून पेट्रोल बघी, हँडल मारी. मोटार शहाण्यासारखी सुरू होई आणि पुढच्या चढावर पुन्हा मरे.

"टाकी भरेल हाय, नळी साफ, मंग अडतंय कुठं?" मोटारीचे मालक काकासाहेब खेकसले. त्यांना जालन्याला हैदराबादची गाडी गाठायची होती.

"तेच बघून राह्यलो, हुजूर."

"बघूनच राह्यला! जालन्याला पोचलो की तू बिलकुल घरी जा. तिथं मस्तगडात ड्रायव्हर कमी न्हाईत."

घरी जायला मुबारकची ना नव्हती. बायकोला, जुबेदाला, काय सांगायचं, एवढाच प्रश्न होता.

त्याने काचेपुढचं टाकीचं टोपण फिरवलं. काकासाहेब नेमके दम घ्यायला थांबले होते, म्हणून या खेपेला ऐकू आलं : सूंऽ करून हवा आत ओढली गेली.

पेट्रोल खाली उतरायचं तर वरून हवा लागते; तिच्यासाठी टोपणाला बारीक भोक असतं. भोकाच्या जागी शेंदराचा जाड थर होता. काठी घालायला टोपण उघडलं की हवा शिरे, आणि श्रेय नळी फुंकण्याला मिळे.

दसऱ्याला मोटारीची पूजा करताना काकासाहेबांच्या आईंना, तुळजाबाईंना, हे गोल टोपण देवासारखं दिसलं होतं. तेव्हापासून त्या रोज त्याला शेंदराचं बोट लावत. आत्ता त्या मागच्या सीटवर जप करत होत्या.

मुबारकच्या खिशात खिळा होता. पण शेंदराला टोचायचं, तेही त्याने, तेही त्यांच्यासमोर!

"काय सापडलं?"

"काय न्हाई, हुजूर."

तुळजाबाई खाली उतरल्या. त्यांनी टोपण पाहिलं, मग मुबारकचं तोंड पाहिलं.

"दे इकडं."

अंबाड्यातला आकडा काढून त्यांनी शेंदरातून आरपार घातला. एक डोळा मिटून भोकातून आभाळ पाहिलं आणि टोपण त्याच्या हातात दिलं.

मोटार मग कुठंच थांबली नाही.

"आईचा हात लागला अन् बघ!" काकासाहेब म्हणाले.

मुबारकने मान डोलावली. बात बराबर होती.

"मुबारक," तुळजाबाई मागून म्हणाल्या, "पुढल्या दसऱ्याला शेंदूर कुठं लावायचा, ते तू दाखव मला."

"त्याला काय कळतंय त्यातलं?" काकासाहेब म्हणाले.

"तवर शिकंल," त्या म्हणाल्या आणि माळ ओढू लागल्या.