वज्रमालेची ओटी

संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत वज्रमालेचा खेळ लागला की गिरणीतल्या बायका पोरं काखेला मारून तंबूकडं धावत. डोळ्यांवर काळा मुखवटा, कासोटा घट्ट मारलेलं हिरवं लुगडं, हातभर हिरव्या बांगड्या. खेळातला मुकादम एखाद्या बाईच्या पदराला हात घालायचा, मग ही मधे पडायची आणि त्याला उचलून रंगाच्या पिंपात बुचकळायची. शेवटी उताणी पडून छातीवरून माणसांनी भरलेली बैलगाडी घ्यायची. वज्रमालेला मरण नाही, असं बायका एकमेकींना छातीठोकपणे सांगायच्या, आणि मुखवट्याखाली बाई कोण हे विचारायचं कुणाच्या डोक्यात यायचं नाही.

पहिली वज्रमाला ईरम्मा, दुधनीची. तिच्या काळात मुखवटा नव्हता, ती नुसता पाण्याचा हंडा दातांनी उचलायची. दात हलायला लागले तसा मालक महादेवप्पानं मुखवट्याची टूम काढली. तोंड झाकलं की बाई बदलली तरी तिकिटं खपतात, एवढी अक्कल त्या गृहस्थाला होती. दुसरी विजयमाला, सांगोल्याची, नवऱ्याच्या माराला कंटाळून पळालेली. मुकादमाला बुचकळायचं डोकं तिचंच, आणि बायका खऱ्या वेड्या झाल्या त्या तेव्हापासून. तिसरी अनसूया. नवव्या वर्षी कपाळ पांढरं झालेली ही पोर विजयमालेच्या हाताखाली शिकली.

आषाढात करमाळ्याला चिखलात चाक घसरलं आणि गाडी विजयमालेच्या बरगड्यांवर बसली. महादेवप्पानं तिला घाईघाईनं जाळलं आणि सगळ्यांना दम भरला, की बाहेर चकार शब्द जाता कामा नये. दुसऱ्या दिवशी अनसूया मुखवटा बांधून उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आता गड्डा आला, आणि विजयमालेची आई येणार होती. मथुराबाई दर साली घरी सिद्धेश्वराच्या दर्शनाचं निमित्त सांगून लेकीची ओटी भरायला यायची.

"गुमान ओटी घे आणि वाटेला लाव," महादेवप्पानं बजावलं. "मुखवटा काढायचा नाही."

अनसूया मुखवट्याची गाठ चाचपत राहिली. विधवेनं सवाष्णीची ओटी घ्यायची? आणि नाही घेतली तर म्हातारीला कळणार, आपली लेक गेली.

दुपारचा खेळ संपला. ईरम्मानं मथुराबाईला हाताला धरून तंबूमागं आणलं. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. बांगड्यांच्या आवाजाकडं वळून ती हसली आणि लगेच रडायला लागली.

"विजे, बस खाली. जावई गेला गं दिवाळीत. तुला कोन कळवनार? म्या म्हनलं, आपुनच सांगावं."

अनसूया खाली बसली.

"रडू नगं. त्यानं तुला काय सुख दिलं? बांगड्या फोडायच्या न्हाईत. मी आई हाय तुजी, मी भरनार तुजी ओटी. लोकांचं तोंड कोन धरनार! पदर पसर."

अनसूयेनं पदर पसरला. तांदूळ पडले, खण पडला, नारळ पडला. नवव्या वर्षापासून तिच्या पदरात कुणी दाणा टाकला नव्हता. स्वतःची आईसुद्धा सणासुदीला तिला आत कोंडून ठेवायची. आणि ही परकी बाई जगाला न जुमानता तिची ओटी भरत होती, तीही दुसरीची समजून. अनसूयेला हुंदका आवरेना. तिनं मुखवटा ओढून काढला.

"मावशी, मी विजयमाला न्हाय. विजूताई गेली. गाडीखाली सापडली."

मथुराबाईनं चाचपडत तिचं नाक, गाल, हनुवटी बघितली. मग हात मागं घेतले.

"कवा?"

"आषाढात."

म्हातारी ओठांतल्या ओठांत महिने जुळवत बसली. "आषाढात ही, दिवाळीत त्यो. म्हंजी आधी ही." तिच्या तोंडावर हळूहळू जे आलं ते अनसूयेला बघवेना. ते समाधान होतं. "अहेव गेली माजी लेक. कुंकवासकट गेली. व्हय गं, मळवट भरला व्हता न्हवं? हिरवं लुगडं नेसवलं, चुडा भरला?"

ईरम्मानं तोंड फिरवलं. विजयमालेला जुनेरात गुंडाळून नेलं होतं. दुसऱ्या दिवशी खेळ होता. लुगडं तिच्या अंगावरचं सोडून घेतलं होतं आणि बांगड्या साबण लावून ईरम्मानंच उतरवल्या होत्या. त्याच आता अनसूयेच्या हातात होत्या, आणि मथुराबाईनं तांदूळ घातले तो पदरही त्याच लुगड्याचा होता.

"व्हय मावशी," अनसूया म्हणाली. "समदं केलं." आणि बांगड्या वाजू नयेत म्हणून तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.