मनुबाईची ओटी

“मावशी, डोळे मिचकावा.”

क्रांतीने मोबाइल मनुबाईच्या तोंडासमोर धरला होता. मनुबाईने दोन्ही डोळे घट्ट मिटले आणि मिटूनच ठेवले. पडद्यावरचं वर्तुळ लालच राहिलं.

“मिटायचे नाहीत. उघडझाप करायची.”

“करतेय ना, बाय.”

बऱ्याच खटपटीनंतर वर्तुळ हिरवं झालं आणि भेटीची नोंद झाली. सकाळपासून हेच चाललं होतं. क्रांतीची नेमणूक समुपदेशक म्हणून होती, पण माणसांशी बोलण्यापेक्षा मानसिक आरोग्य अनुदानाच्या पोर्टलची मर्जी सांभाळण्यातच तिचा जीव जाई. पोर्टलवर न चढलेली भेट झालीच नाही असं धरलं जायचं, आणि भेटी कमी पडल्या की आरोग्य केंद्रातली ही खोली बंद होणार होती.

“झालं, मावशी.”

“आन् ओटी? ओटी न्हाय भरायची?”

मनुबाई ओटीपीला ओटी म्हणायची. क्रांतीने सुरुवातीला दुरुस्त करून पाहिलं, मग नाद सोडला. दर भेटीला रुग्णाच्या मोबाइलवर आकडा यायचा आणि तो पोर्टलवर भरावा लागे. मनुबाईच्या नावापुढे नंबर होता तिच्या मुलाचा, घणसोलीतल्या दीपेशचा. एरवी तो आईचा फोन उचलत नसे. ‘ती रडत बसते मॅडम, मग माझा पूर्ण दिवस जातो,’ असं त्याने एकदा सांगून टाकलं होतं. दवाखान्याचा फोन मात्र घ्यायचा, आकडे धडाधड सांगायचा आणि ठेवता ठेवता आईला विचारायचा, ‘जेवलीस काय?’

नवरा गेल्यापासून अंथरूण धरलेली मनुबाई तेवढ्यासाठी दर मंगळवारी आंघोळ करून, डोक्याला तेल लावून दिवेआगरहून एसटीने बोर्लीला यायची. गोळ्यांनी किती फरक पडला आणि त्या दोन शब्दांनी किती, हे पोर्टलने कधी विचारलं नव्हतं.

“आता ओटी लागत नाही, मावशी. चेहऱ्यावरच होतं.”

कालच जिल्ह्याच्या कचेरीतून प्रज्योतसरांचा फोन आला होता. “ओटीपीची कटकट गेली, मॅडम. आता कुणाला मेसेजच जाणार नाही.” ऐकून क्रांतीलाही हायसं वाटलं होतं.

मनुबाई उठली नाही. पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत बसली.

“मंग पुढल्या टायमाला मी न्हाय आले तरी चालंल?”

“यायचं तर आहेच.”

“कशाला?”

तिच्या आवाजात राग नव्हता. खरंच कळावं म्हणून ती विचारत होती.

बाहेर बाकावर माणसं खोळंबली होती. क्रांतीला भयंकर कंटाळा आला, पोर्टलचा, प्रज्योतसरांच्या आनंदाचा आणि कालच्या आपल्या हायसं वाटण्याचाही. तिने टेबलावरचा फोन उचलला, नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

“बोला मॅडम. ओटीपी ना? आला नाही अजून.”

“येईल. पोर्टल स्लो आहे आज. फोन ठेवू नका, तोवर आईशी बोला.”

पलीकडे कंपनीतल्या यंत्रांचा आवाज येत होता.

“आये, जेवलीस काय?”

“जेवले. तू?”

“अजून नाय.” मग तो घुटमळला. “वाल पेरलेस?”

“पेरले थोडे. शेंगा भरल्या की मडक्यात भाजून पोपटी लावू. येशील?”

“सुट्टी मिळाली तर बघतो.”

“मडक्यात घालायला भांबुर्ड्याचा पाला हाय बांधावर, बख्खळ. मीच आणीन काढून.”

“तू नको जाऊ. पाय सरकंल.”

आणि तो बोलत राहिला. कंपनीतला डबा, लेकीची शाळा, बायकोची कंबरदुखी. मनुबाई रडली नाही. मान हलवत ऐकत होती, जणू तो समोरच बसला होता.

इकडे क्रांतीचा जीव टांगणीला लागला. कुणीही न पाठवलेल्या ओटीपीची वाट किती वेळ पाहायला लावायची? शेवटी काहीतरी थाप मारून फोन ठेवावाच लागणार होता. ती तोंड उघडणार, तोच दीपेश म्हणाला, “मॅडम, आला ओटीपी. घ्या.”

क्रांतीने मोबाइलकडे पाहिलं. आकडे भरायची चौकटच त्यावर उरली नव्हती.

“सांगा.”

“चार... नऊ...” आज तो सुचेल तसा एकेक आकडा सांगत होता. “शून्य... सात... दोन... परत दोन.”

“बरोबर आहे.”

“पुढच्या मंगळवारी पण पाठवतील ना?”

“पाठवतील,” क्रांती म्हणाली.